भाड्याने दिलेला आवाज : ३००बी या निर्वात नलिकेचा इतिहास

वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने १९३८ साली तयार केलेल्या ३००बी या निर्वात नलिकेला ध्वनियंत्रांच्या संग्राहकांमध्ये जो मान मिळाला, तो तिच्या जातीच्या फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला आला आहे. घरात बसून संगीत ऐकणारा रसिक तिच्या निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. ती टेलिफोनच्या व्यवसायातून जन्माला आली आणि चित्रपटगृहांच्या प्रक्षेपण-खोल्यांत राबली. तिची थोरली बहीण ३००ए ज्या यंत्रांत बसवली गेली, ती यंत्रे तर चित्रपटगृहांच्या मालकांना विकत न मिळता केवळ भाड्याने मिळत. एका मक्तेदार उद्योगाने दुरुस्तीचा खर्च वाचावा म्हणून अतिशय टिकाऊ बनवलेली ही वस्तू अर्ध्या शतकानंतर दुसऱ्याच देशातील, दुसऱ्याच गरजेच्या माणसांनी संगीताचे साधन म्हणून ओळखली, आणि निर्मात्याने तिच्याकडे पाठ फिरवल्यावर तिची परंपरा याच माणसांमुळे चालू राहिली. तिचा इतिहास म्हणूनच तिला घडवणाऱ्यांइतका तिला वापरणाऱ्यांचाही आहे.

निर्वात नलिका, म्हणजे जुन्या रेडिओंमुळे मराठी घरांत परिचित झालेला व्हॉल्व्ह, ही आतली हवा काढून घेतलेली काचेची कुपी असते. तिच्या आतील धातूचा तंतू विजेने तापवला की त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटू लागतात, आणि जवळच्या धातूच्या पत्र्याला, म्हणजे धनाग्राला, मोठा धन विद्युत दाब दिला की ते त्याच्याकडे ओढले जाऊन पोकळीतून प्रवाह सुरू होतो. विजेच्या दिव्यातील या परिणामाची नोंद थॉमस एडिसनने केली होती आणि १८८४ मध्ये त्यावर पेटंटही मिळवले होते. परंतु त्याचा उपयोग ओळखला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक आणि मार्कोनी कंपनीचे सल्लागार जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी, ज्यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका बनवून रेडिओ संदेश पकडण्यासाठी वापरली. पुढची उडी अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांची होती. १९०६-०७ च्या सुमारास त्यांनी तंतू आणि धनाग्र यांच्यामध्ये तारेची एक जाळी, म्हणजे जालक, बसवले. शेताच्या पाटावरील दार थोडेसे वरखाली केले की वाहणारे पुष्कळ पाणी कमीजास्त होते, तसे जालकावरील दाबात अल्पसा बदल केला की धनाग्राकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा बदल घडतो, आणि क्षीण विद्युत संदेशाची मोठी प्रतिकृती मिळते. तीन अग्रांच्या या नलिकेला ट्रायोड म्हणतात, आणि संदेश मोठा करण्याच्या या क्रियेभोवती उभारलेले यंत्र म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर.

डी फॉरेस्ट यांना आपल्या शोधाचे मर्म पुरते उमगले नव्हते. नलिकेत थोडा वायू राहणे तिच्या कार्याला आवश्यक आहे असे ते मानत, आणि त्यामुळे त्यांच्या नलिका लहरी व अल्पायुषी निघत. १९१२ मध्ये त्यांनी आपली नलिका अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ या कंपनीला दाखवली, तेव्हा जास्त दाब दिल्याबरोबर तिच्यात निळसर प्रकाश पसरला. तेथील तरुण भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड आर्नल्ड यांनी मात्र ताडले की हा दोष उरलेल्या वायूचा असून कुपी पूर्ण निर्वात केली आणि तंतूवर योग्य लेप दिला तर हीच नलिका दूरच्या टेलिफोन मार्गांची अडचण सोडवू शकेल. १९१३ मध्ये कंपनीने टेलिफोनपुरते हक्क ५०,००० डॉलरना विकत घेतले. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कहून अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांचे जुने सहकारी थॉमस वॉटसन हे सुमारे ३,४०० मैल लांबीच्या तारेवरून एकमेकांशी बोलले, त्यात मार्गावर बसवलेल्या नलिकांचा वाटा होता.

वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या नलिकांची घडण या टेलिफोन मार्गांनी ठरवली. ही कंपनी अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफच्या बेल टेलिफोन यंत्रणेची उत्पादक शाखा होती. तिची गिऱ्हाईक बाजारातली माणसे नव्हती, तिचीच मातृसंस्था होती. आडबाजूच्या ठाण्यात रात्रंदिवस चालणारी नलिका बंद पडली तर मार्ग तुटे, तंत्रज्ञ धाडावा लागे आणि हा सगळा खर्च पुन्हा त्याच यंत्रणेच्या डोक्यावर येई. एरवी रेडिओसाठी नलिका बनवणाऱ्या कारखान्याला नलिका काही वर्षांत जळाली तर नवी विकता येत असे. येथे तसे होण्यात तोटाच होता. त्यामुळे बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप दिलेले, कमी तापमानावर भरपूर इलेक्ट्रॉन सोडणारे तंतू, अग्रांमधील काटेकोर राखलेली अंतरे, निर्वात टिकवण्यासाठी घेतलेली मेहनत आणि बाहेर पडणाऱ्या मालाची कडक तपासणी ही या कंपनीची रीत बनली. पुढे ज्याला संग्राहकांनी या नलिकांचे खानदान मानले, त्याच्या मुळाशी हा असा हिशेबी विचार होता, आणि त्यामुळे त्याचे मोल उणे होत नाही.

टेलिफोनचे हे ज्ञान चित्रपटगृहात आले ते बोलपटांमुळे. वॉर्नर ब्रदर्सने व्हिटाफोन या पद्धतीने ऑगस्ट १९२६ मध्ये ‘डॉन वान’ आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हे चित्रपट दाखवले, तेव्हा त्यामागील ध्वनियंत्रे वेस्टर्न इलेक्ट्रिकची होती. बोलपटांची लाट इतकी वेगवान निघाली की भारतातही १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ झळकला, आणि मूकपटांसाठी बांधलेली जगभरची चित्रपटगृहे ध्वनियंत्रांच्या शोधात लागली. अमेरिकेत या व्यवहारासाठी १९२७ मध्ये इलेक्ट्रिकल रिसर्च प्रॉडक्ट्स नावाची उपकंपनी काढण्यात आली. तिने चित्रपटगृहांशी दीर्घ मुदतीचे भाडेकरार केले, ज्यांत यंत्रांची मालकी कंपनीकडे राहत असे, चित्रपटगृह नियमित सेवाशुल्क भरत असे आणि कंपनीचे अभियंते ठरलेल्या वेळी येऊन तपासणी करत. यंत्र आपले आणि दुरुस्तीही आपली, ही टेलिफोनची रीत जशीच्या तशी पडद्यामागे आली.

या काळातील ध्वनिक्षेपकांकडे, म्हणजे लाउडस्पीकरांकडे, लक्ष दिल्याशिवाय ३०० या मालिकेतील नलिकांचा अर्थ लागत नाही. याच यंत्रणेच्या बेल प्रयोगशाळेतील ई. सी. वेंटे आणि ए. एल. थुरास यांनी १९२६ मध्ये विकसित केलेला ५५५ हा ध्वनिजनक मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसवला जाई, आणि कर्णा ही रचना विद्युतशक्तीचे ध्वनीत रूपांतर करण्यात इतकी कार्यक्षम असते की आजच्या घरगुती पेटीवजा स्पीकरना जेथे शंभर वॅट लागतील तेथे तिला काही थोडे वॅट पुरतात. शेकडो प्रेक्षकांचे सभागृह भरून टाकायला त्या काळी आठ-पंधरा वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर चाले. १९३३ च्या सुमारास, ‘वाइड रेंज’ या नावाने अधिक रुंद स्वरपट्टा देणारी यंत्रणा आणताना कंपनीने ३००ए ही नवी शक्तिनलिका वापरात आणली. ८६ क्रमांकाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या नलिकांची जोडी काम करी. १९३६ च्या ९१ क्रमांकाच्या, लहान चित्रपटगृहांसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकच नलिका सगळा भार उचली आणि आठ वॅटच्या आसपास शक्ती देई. १९३८ मध्ये ३००ए ची जागा ३००बी ने घेतली. दोघींचे विद्युत गुणधर्म जवळजवळ एकच होते, आणि डोळ्यांना दिसणारा मुख्य फरक होता तो तळाच्या कडेवरील छोट्या खिळीच्या जागेचा.

३००बी ही सरळ तापणारी ट्रायोड नलिका आहे, म्हणजे तिच्यात इलेक्ट्रॉन सोडण्यासाठी वेगळी ऋणाग्र-नळी नसून तापणारा तंतूच ऋणाग्राचे काम करतो. या तंतूला ५ व्होल्ट दाबावर १.२ अँपिअर प्रवाह लागतो. धनाग्राला ३०० ते ४०० व्होल्ट दिले जातात आणि त्यातून साधारण ६० मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहतो, मग स्पीकरमधून संगीत येत असो वा नसो. संदेशाच्या दोन्ही अर्धलहरी एकाच नलिकेने अखंड वाहून नेण्याच्या या पद्धतीत बरीचशी वीज उष्णता होऊन जाते. बदल्यात मिळते ती सरळ रेषेच्या फार जवळ जाणारी वागणूक, म्हणजे आत दिलेला संदेश आणि बाहेर आलेला संदेश यांच्या आकारांत थोडाच फरक. शिवाय या नलिकेचा अंतर्गत रोध सुमारे ७०० ओहम इतका अल्प असल्याने स्पीकरवर तिची पकड चांगली राहते. विवर्धनाचा गुणक मात्र जेमतेम चार भरतो. त्यामुळे तिला हलवण्यासाठी आधीच्या टप्प्यावर दुसऱ्या नलिकांना बरेच कष्ट उपसावे लागतात.

एवढी वीज खाऊन इतका थोडा आवाज देणारी नलिका उद्योगाला फार काळ परवडणारी नव्हती. फिलिप्स कंपनीतील बर्नार्ड टेलेगन यांनी १९२६ मध्येच पाच अग्रांची पेंटोड नलिका शोधली होती. १९३६ मध्ये आरसीए कंपनीने काढलेल्या ६एल६ या नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत विशिष्ट पट्ट्यांनी आवळून धरला जाई, आणि तिच्या जोडीकडून ६० वॅटपर्यंत शक्ती मिळू शके. अशा नलिकांचा आवाज अधिक विरूप असे, परंतु त्यावरचा उपायही तोपर्यंत सापडला होता. बेल प्रयोगशाळेचे हॅरल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी कामावर जाताना हडसन नदीवरील होडीत ‘निगेटिव्ह फीडबॅक’ची कल्पना सुचली होती आणि ती त्यांनी हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच टिपली होती. बाहेर आलेल्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा प्रवेशद्वाराशी आणला, तर यंत्राने स्वतः घातलेली विकृती बऱ्याच अंशी रद्द होते, हे तिचे सूत्र. ब्रिटनमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी एप्रिल १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकातून मांडलेल्या आराखड्यात केटी ६६ नलिकांच्या जोडीने आणि फीडबॅकच्या आधाराने १५ वॅटवर ०.१ टक्क्याहूनही कमी विरूपण साधले, आणि घरगुती उच्च दर्जाच्या ध्वनीचे युग त्या आराखड्यापासून मोजले जाते. क्वाड, लीक, मॅकिन्टॉश, मॅरँट्झ, डायनाको ही नावे या युगाची आहेत. ३००बी ला त्यात स्थान नव्हते.

त्याच सुमारास तिच्या जन्मदात्या संस्थेतच तिचा शेवट ठरवणारे काम झाले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. टेलिफोन यंत्रणेला कमी वीज खाणारा, न तापणारा आणि न झिजणारा विवर्धक हवा होता, आणि ती गरज भागवण्याच्या ध्येयानेच हे संशोधन चालले होते. चित्रपटांच्या ध्वनीतून तर कंपनी १९३७ पासूनच अंग काढून घेऊ लागली होती; मक्तेदारीविरोधी कारवाईचे सावट होते, आणि चित्रपटगृहांची देखभाल त्याच अभियंत्यांनी स्थापन केलेल्या आल्टेक या कंपनीकडे गेली. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने वेस्टर्न इलेक्ट्रिकला टेलिफोन यंत्रणा आणि सरकार यांच्यापलीकडे माल विकण्यापासून जवळजवळ रोखले. ३००बी बनत राहिली ती विद्युत दाब स्थिर ठेवणाऱ्या यंत्रांसारख्या, संगीताशी कसलाही संबंध नसलेल्या कामांसाठी. अमेरिकन चित्रपटगृहांतील जुने कर्णे आणि अ‍ॅम्प्लिफायर दरम्यान भंगारात निघू लागले होते.

भंगारातील या वस्तूंना जपानमध्ये गिऱ्हाईक मिळाले, आणि येथून या इतिहासाला वेगळे वळण लागले. युद्धोत्तर जपानमध्ये हाताने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्या हौशी मंडळींचा वर्ग मोठा होता. तोक्योच्या आकिहाबारा भागातील छोट्या दुकानांतून सुटे भाग मिळत, आणि १९२४ पासून निघणाऱ्या ‘मुसेन तो जिक्केन’ या मासिकातून आराखडे प्रसिद्ध होत. या मंडळींनी जुन्या चित्रपटगृहांचे ध्वनितंत्र वाचले, मोजले, पुन्हा जोडले. १९७० आणि १९८० च्या दशकांत वेस्टर्न इलेक्ट्रिकचे ५५५ ध्वनिजनक, १५ए कर्णे, ९१ आणि ८६ क्रमांकांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि ३००ए, ३००बी, २७४बी यांसारख्या नलिका अमेरिकेतून मोठ्या प्रमाणात जपानकडे निघाल्या, आणि ज्या वस्तू मायदेशात उकिरड्यावर पडल्या असत्या त्या तेथे जपून ठेवल्या गेल्या. या व्यवहाराकडे केवळ श्रीमंतांचा छंद म्हणून पाहणे चूक ठरेल. जपानी घरांतील खोल्या लहान, आवाजाची मर्यादा शेजाऱ्यांमुळे आपोआप ठरलेली, आणि आवाजाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या पोताकडे लक्ष देण्याची सवय पक्की. अशा ठिकाणी कार्यक्षम कर्ण्याला जोडलेले आठ वॅट ही उणीव नव्हतीच.

या वर्तुळातील दोन नावांचा उल्लेख आवश्यक आहे. हिरोयासू कोंदो यांनी १९७६ मध्ये ऑडिओ नोट ही कंपनी काढली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस, प्रक्षेपणासाठी बनलेल्या २११ या ट्रायोडवर आधारलेला ‘ओंगाकू’ हा अ‍ॅम्प्लिफायर आणला, ज्याच्या रोहित्रांमध्ये, म्हणजे नलिका आणि स्पीकर यांना जुळवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, चांदीची तार गुंडाळलेली असे. सुसुमू साकुमा यांचा मार्ग वेगळा होता. चिबा प्रांतातील तातेयामा येथे ते ‘कॉनकॉर्ड’ नावाचे उपाहारगृह चालवत, तेथेच आपले अ‍ॅम्प्लिफायर बनवत आणि येणाऱ्यांना ऐकवत. प्रत्येक टप्प्यावर सरळ तापणाऱ्या नलिका आणि रोहित्रे वापरण्याचा त्यांचा आग्रह अभियांत्रिकीच्या दृष्टीने अवघड वाटेचा होता, परंतु जुन्या, विसरलेल्या नलिकांना पुन्हा कामाला लावण्याची हौस त्यांनी पुष्कळांना लावली. जपानमध्ये काही काळ राहिलेले फ्रेंच लेखक जाँ हिरागा यांनी ही दृष्टी युरोपात नेली. मार्च १९७७ मध्ये ब्रिटनच्या ‘हाय-फाय न्यूज’ मासिकात त्यांचा अ‍ॅम्प्लिफायरच्या संगीतमयतेविषयीचा लेख आला, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘लोदिओफिल’ हे नियतकालिक सुरू झाले, ज्याच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता.

हिरागा यांचा प्रश्न रास्त होता : विरूपणाचा टक्का ज्याचा अधिक, ते यंत्र कानाला अधिक बरे का वाटावे? भारतीय संगीताच्या परिभाषेत याचे उत्तर मांडणे सोपे जाते. यंत्र जेव्हा स्वर विरूप करते, तेव्हा मूळ षड्जाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतेचे स्वर स्वतःहून मिसळते. दुप्पट कंप्रतेचा स्वर म्हणजे तार षड्ज, तिपटीचा म्हणजे त्याच्या वरचा पंचम, चौपटीचा पुन्हा षड्ज आणि पाचपटीचा म्हणजे तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार. सातपटीचा स्वर मात्र कोमल निषादाच्याही खाली पडतो आणि त्यापुढचे बरेचसे स्वर मूळ सप्तकाशी फटकून वागतात. एकट्या ट्रायोडचे विरूपण मुख्यतः तार षड्जाचे असते आणि वरच्या पायऱ्यांवर ते झपाट्याने विरत जाते. बीबीसीचे अभियंते डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवले होते की विरूपणाची बेरीज करताना वरच्या क्रमांकाच्या घटकांना अधिक वजन द्यावे, कारण कानाला तेच अधिक खुपतात. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या अमेरिकन नियतकालिकात नलिका आणि ट्रान्झिस्टर यांच्या क्षमतेबाहेर ताणल्यावरच्या वागणुकीतील फरक दाखवला. याचा अर्थ नलिकेचा अ‍ॅम्प्लिफायर अधिक अचूक असतो असा मुळीच नाही. चांगला ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर मूळ ध्वनिमुद्रणाशी अधिक प्रामाणिक राहतो, हे मोजमापांनी वादातीत ठरवले आहे. नलिका आपल्या पदरचे काही घालते, आणि ते तिच्या चाहत्यांना प्रिय आहे, असे म्हणणे सत्याला धरून होईल.

३००बी च्या मागोमाग इतर जुन्या नलिकांचाही शोध सुरू झाला, आणि संग्रहाची एक स्वतंत्र विद्या तयार झाली. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न येथे मलार्ड कंपनीने बनवलेल्या ईसीसी ८३ व ईएल ३४, जर्मनीतील टेलिफुंकेनची तळाच्या काचेत शंकरपाळ्यासारखी चौकट उमटवलेली ईसीसी ८३, लंडनच्या हॅमरस्मिथमधील केटी ८८ ही या विद्येतील मान्यवर नावे होत. मलार्ड १९२० च्या दशकातच फिलिप्सच्या ताब्यात गेली होती आणि या समूहातील कारखाने एकमेकांचा माल आपापल्या छापाने विकत, त्यामुळे पेटीवरचे किंवा काचेवरचे नाव हा पुरावा होत नाही. काचेत कोरलेली कारखान्याची आणि तारखेची सांकेतिक अक्षरे, धनाग्राचा आकार, आतल्या आधारपट्ट्यांची रचना हे पाहूनच नलिकेचे मूळ ठरवावे लागते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या नलिकांवर चार अंकी खूण असते, जिच्यावरून वर्ष आणि त्या वर्षाचा आठवडा कळतो, आणि सुरुवातीच्या ३००बी च्या तळावर अक्षरे छापलेली नसून कोरलेली असतात. किंमत वाढली तशी नक्कलही वाढली. भारताचाही येथे छोटासा संबंध येतो : बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात देशातील रेडिओंसाठी फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह बनवले, आणि तो जुना साठाही आता बाहेर शोधला जातो.

जुन्या पुस्तकाची पाने चाळली म्हणून पुस्तक संपत नाही, परंतु नलिकेच्या बाबतीत वापर म्हणजेच क्षय. तंतूवरील ऑक्साइडचा लेप तापण्याच्या प्रत्येक तासाबरोबर थोडा थोडा खर्च होतो, आणि तो पुन्हा देता येत नाही. त्यामुळे पेटीतून कधीच बाहेर न निघालेल्या जुन्या साठ्याला बाजारात सर्वांत जास्त किंमत मिळते. कुपीच्या आत दिसणारा चंदेरी आरसा हा बेरियमचा थर असतो, जो उरलेले वायू शोषून घेतो. तो पांढुरका पडला तर आत हवा शिरली असे समजावे, आणि अशी नलिका कितीही दुर्मीळ असली तरी निरुपयोगी होय. बाकीचे निदान यंत्रावर होते. ब्रिटिश एव्हो किंवा अमेरिकन हिकॉक यांसारख्या जुन्या परीक्षण-यंत्रांवर जालकाच्या दाबात एक व्होल्टचा बदल केल्यास धनाग्राचा प्रवाह किती मिलिअँपिअरने बदलतो ते पाहतात, आणि मूळ तपशिलाशी ताडून उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधतात. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन नलिका जोडीने काम करतात, तेथे दोघींचे आकडे जुळावे लागतात. ३००बी वापरणाऱ्याला तंतूचा दाब ५ व्होल्टच्या अगदी जवळ राखावा लागतो, कारण कमी आणि अधिक दोन्ही तिला मारक ठरतात. तंतूला घरातील बदलती वीज दिली तर गुणगुण ऐकू येते, म्हणून तिचा समतोल साधणारा छोटा रोधक बसवतात किंवा वीज एकदिश करून देतात. यंत्र बंद केल्यावरही धारित्रांत कित्येकशे व्होल्ट साठून राहतात, आणि ही विद्या शिकणाऱ्याने पहिल्यांदा शिकायचे ते हेच असते.

१ जानेवारी १९८४ रोजी बेल यंत्रणेचे विभाजन झाले आणि १९८८ मध्ये कॅन्सस सिटीच्या कारखान्यात ३००बी चे उत्पादन थांबले. जपानी मागणी तेव्हा शिगेला होती. पुरवठा थांबल्याबरोबर किमती चढल्या. नलिका बनवण्याचा धंदा जगातून पूर्ण उठला नव्हता, आणि त्याचे श्रेय, न्यायाने पाहता, उच्च अभिरुचीच्या श्रोत्यांपेक्षा विद्युत गिटार वाजवणाऱ्यांना अधिक जाते. फेंडर आणि मार्शल यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नलिका ताणून मिळवलेला कर्कश, भरदार आवाज हाच त्यांच्या वाद्याचा आवाज होता, आणि ट्रान्झिस्टरने त्यांचे समाधान होत नव्हते. त्यांच्या खपावर कारखाने तगले. सोव्हिएत संघात नलिका अजून लष्करी कामात होत्या, याचा प्रत्यय ६ सप्टेंबर १९७६ रोजी वैमानिक व्हिक्टर बेलेन्को यांनी मिग-२५ विमान जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरवले, तेव्हा त्याच्या यंत्रणेत नलिका सापडल्यावर पाश्चात्त्य तज्ज्ञांना आला होता. सोव्हिएत संघ मोडल्यावर न्यूयॉर्कचे माइक मॅथ्यूज यांनी सारातोव्ह येथील रिफ्लेक्टर कारखान्याचा माल पाश्चात्त्य बाजारात आणला, पुढे कारखानाही ताब्यात घेतला, आणि मलार्ड, टंग-सोल, गोल्ड लायन ही जुनी व्यापारनामे आज तेथील नव्या नलिकांवर छापली जातात, हे संग्राहकाने विसरता कामा नये.

३००बी चे पुनरुत्पादनही याच काळात सुरू झाले. चीनमधील चांगशा येथील शुगुआंग कारखान्याने, स्लोव्हाकियातील चादत्सा येथील जेजे कंपनीने आणि प्राग येथील केआर कंपनीने आपापल्या ३००बी काढल्या. त्यांत काहींनी मूळ रचनेची नक्कल केली, तर काहींनी अधिक शक्तीसाठी ती बदलली. अमेरिकेत चार्ल्स व्हिटनर यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकचे नाव वापरण्याचा परवाना मिळवून, जुनी यंत्रसामग्री आणि पद्धती हाताशी धरून, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅन्सस सिटीतच ही नलिका पुन्हा बनवायला घेतली. आराखडे उपलब्ध असूनही हे काम सोपे नव्हते. लेपाचे मिश्रण, तो भाजण्याचे तापमान, हवा काढताना धातू तापवून त्यातील वायू कधी आणि किती वेळ बाहेर काढायचे, या गोष्टी कागदापेक्षा कारागिरांच्या सरावात असतात, आणि तो सराव एकदा खंडित झाला की आराखडा असूनही पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. उत्पादन पुढे अलाबामातील हंट्सव्हिल येथे हलले, मध्ये थांबले आणि अखेर २०२० च्या सुमारास जॉर्जिया राज्यातील रॉसव्हिल येथे नव्याने मांडले गेले.

मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध पेटल्यावर, रशियाने तांत्रिक मालाच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा सारातोव्हचा पुरवठा काही काळ अडला आणि गिटार-अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लागणाऱ्या ईएल ३४, ६एल६, ईसीसी ८३ या नलिकांच्या किमती भडकल्या, कारण या रोजच्या नलिका बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. एकेकाळी एकाच मक्तेदार कंपनीच्या मर्जीवर असलेल्या ३००बी ला त्या मानाने झळ कमी बसली. ती तोपर्यंत तीन खंडांत बनत होती.